कणसांचा आशीर्वाद आणि रोसाचा नारळ

८ सप्टेंबरला, मारियामातेच्या जन्माच्या फेस्ताला (सणाला), सिंधुदुर्गातल्या आमच्या चर्चमध्ये भाताची कणसे येतात. जूनच्या पहिल्या पावसात पेरलेले हळवे भात तोवर निसवलेले असते. मिशीच्या (मिस्साच्या) वेळी फादर कणसांच्या जुड्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि मग घरागणिक एकदोन कणसे वाटली जातात. माझी शामाय (आजी) ते कणीस खुरसापाशी (क्रुसापाशी) ठेवी, त्यातले चार दाणे सोलून नारळाच्या रसातल्या खिरीत टाकी आणि ती खीर आधी घरातल्या सर्वांत लहान पोराला देई. त्याआधी नव्या भाताला आमच्या घरात कुणी तोंड लावत नसे.

पुढे महिनाभराने शेजारच्या हिंदू घरांत नव्याची पुनव येते. आंब्याच्या पानाबरोबर भाताची लोंबी, नाचणीचे कणीस आणि कुरडूचे फूल बांधून केलेले ‘नवे’ दारावर चढते आणि तिथेही देवाला दाखवल्याशिवाय नवा तांदूळ शिजत नाही. शेत एकाच वाडीतले, पाऊस एकच, पाटाचे पाणीही एकच. तेव्हा आमची कणसे त्यांच्या नव्याची बहीण आहेत, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

आता मात्र हे नाते काही जणांना खुपू लागले आहे. माझ्या भाचीच्या लग्नात रोसाच्या (नारळाचा रस लावण्याच्या विधीच्या) संध्याकाळी नात्यातल्या एका भाच्याने सगळ्यांसमोर विचारले, “ही हळदीचीच रीत. बायबलात रोस कुठे आहे?” मुंबईत तो एका प्रार्थनागटात जातो. जे मूळचे ख्रिस्ती नाही ते ख्रिस्ती माणसाने सोडावे, असे त्याला तिथे शिकवले आहे. तो मनापासून बोलत होता. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणून त्याला उत्तर देणे माझ्याकडे आले. तेच इथे सविस्तर मांडते.

पहिली गोष्ट मी त्याला मान्य करून टाकली: रोस ख्रिस्ती धर्माआधीचा आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नारळ किसून, पिळून काढलेला रस नवरा-नवरीच्या अंगाला लावायचा, आधी आईवडिलांनी, मग वडीलधाऱ्यांनी, आणि मग न्हाऊ घालून नव्या आयुष्यात पाठवायचे. लग्नघरी वाडवडिलांच्या नावाने भिकाऱ्यांना जेवण घालायचे. हातात चुडा भरायचा. हे सारे या मातीतले आहे. आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते घरदार आणि जिभेची चव टाकून चर्चमध्ये गेले नव्हते.

ते टाकावे यासाठी प्रयत्न मात्र झाले, आणि ते फार कठोर होते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले. १५६७ च्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू रीतींवर निर्बंध आणले. इन्क्विझिशनचा सर्वांत तपशीलवार हुकूम निघाला तो १७३६ साली. अ. का. प्रियोळकरांच्या गोव्यातील इन्क्विझिशनवरच्या इंग्रजी ग्रंथात त्याची माहिती मिळते. लग्नात हळद लावू नये, विड्याची पाने आणि सुपारी वाटू नये, ओव्या गाऊ नयेत, तुळस लावू नये, मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जागू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. एक कलम भाताबद्दल आहे: हिंदूंप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवू नये.

हे कलम मी वर्गात शिकवत नसे. ते पाठ्यपुस्तकात नव्हते. पण स्वतःसाठी मी ते अनेकदा वाचले आहे. ज्या सत्तेला गरीब बाईच्या चुलीवरच्या मडक्यात मीठ पडले की नाही हे पाहावेसे वाटते, ती कशाची धास्ती घेऊन जगत असेल! या यादीतून एक दुसरी गोष्टही कळते. गोव्यातल्या बार्देशात आणि सासष्टीत धर्मांतरे होऊन तोवर पावणेदोनशे वर्षे होत आली होती. तरीही या रीती बंद करण्यासाठी नवा हुकूम काढावा लागला, म्हणजे त्या चालूच होत्या. करणारे लोक मिशीला जाणारे, पोरांचे बाप्तिस्मे करणारे, मरताना पाद्रीला बोलावणारे ख्रिस्तीच होते.

त्यातले कितीतरी लोक पुढे गोवा सोडून गेले. कारणे एकच नव्हती: लढाया होत्या, कर होते, दुष्काळ होते, आणि इन्क्विझिशनची भीतीही होती. काही दक्षिणेला कानडा मुलखात गेले, काही उत्तरेला आले. त्या काळी बार्देशातून शापोरा नदी ओलांडली की पेडणे लागे, आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. या मुलखात इन्क्विझिशनचा हुकूम चालत नव्हता. आज सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या भागात जी ख्रिस्ती घरे दिसतात, त्यांतल्या अनेकांची मुळे अशीच नदीपलीकडे आहेत. त्यांनी इकडे येताना खुरीस आणला आणि रोसाचा नारळही आणला. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. रोस आजही चालू आहे. आमच्या घरांत त्यातली हळद गेली, नारळ राहिला. जुन्या बायका रोसाच्या वेळी ज्या जोती (लग्नगीते) म्हणतात, त्यांची सुरुवात खुरसाच्या खुणेने होते.

माझ्या भाच्याला वाटत होते की चर्चचे म्हणणे या बाबतीत कायम एकच राहिले आहे. तसे नाही. ६०१ साली पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या मिशनऱ्याला पत्र लिहिले. तिथली मंदिरे पाडू नका, असा त्यांचा सल्ला होता. मूर्ती काढा, वास्तूवर पवित्र पाणी शिंपडा, तिथेच वेदी उभारा. आणि लोक पूर्वी सणाला जनावरे कापत असतील, तर त्यांना चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून देवाचे आभार मानत जेवू द्या. आपल्याकडे मिशनरी रॉबर्ट द नोबिली १६०६ मध्ये मदुरेला आले. त्यांनी काषाय वस्त्र घातले, मांस सोडले आणि नवख्रिस्ती ब्राह्मणांना शेंडी, जानवे, गंध ठेवू दिले. वाद रोमपर्यंत गेला आणि १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी नोबिलींच्या बाजूने निर्णय दिला. पुढे हे वारे फिरले. १७४४ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी अशा रीतींवर कडक बंधने घातली, आणि मिशनऱ्यांना ती पाळण्याची शपथ घ्यावी लागे. ती शपथ १९४० मध्ये रद्द झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत स्थानिक रूपांना दार उघडले, आणि १९६९ मध्ये भारतातल्या मिशीत आरती, अंजली, दिवा यांना मान्यता मिळाली. आज चर्चमध्ये समई पेटते, तिच्या माथ्यावर मोराऐवजी खुरीस असतो.

मराठीत तर ही वाट फार आधी रुळली होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले: ओवीत, पुराणाच्या घाटात. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्तासाठी अभंग लिहिले. अभंग वारकऱ्यांचा म्हणून त्यांनी तो टाकला नाही. आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणण्यात तुकारामांचा हात आहे, असे ते मानत.

आता नाताळाचे. मूळ तपासायचेच, तर २५ डिसेंबरही तपासावा लागेल. रोमचे ३५४ सालचे एक कालदर्शक आहे. त्यात या तारखेला ख्रिस्तजन्माची नोंद आहे, आणि त्याच ग्रंथात ‘अजिंक्य सूर्या’च्या जन्मोत्सवाचीही आहे. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये सूर्याचे मंदिर उभारले होते. त्यावरून अनेक जण ठामपणे सांगतात की नाताळ हा सूर्याचा सण आहे. अभ्यासकांत मात्र यावर एकमत नाही. मारियेला २५ मार्चला गर्भ राहिला असे मानून तिथून नऊ महिने मोजून ही तारीख आली, असाही एक पक्ष आहे. मूळ परके म्हणून सण टाकायचा, ही कल्पनाही नवी नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. तो कायदा १६८१ मध्ये मागे घ्यावा लागला. दोन्हीकडे नाताळ परत आला.

माझ्या भाच्याचा सगळाच आक्षेप मी झटकत नाही. संत पावलांपुढे हाच प्रश्न आला होता. करिंथच्या बाजारातले मांस मूर्तीपुढे वाहिलेले असे. ते खावे का? त्यांचे उत्तर दुहेरी आहे. मांसात दोष नाही, पण मूर्तीच्या पंगतीला बसून उपासनेत वाटेकरी होऊ नका. आणि तुमच्या खाण्याने एखाद्या कच्च्या भावाचा विश्वास डळमळत असेल तर त्याच्यासाठी थांबा. रोमकरांना लिहिताना सणांच्या दिवसांबद्दल ते म्हणतात की ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, आणि जो दिवस पाळायचा तो प्रभूसाठी पाळावा.

मला यात स्पष्ट कसोटी दिसते. रीत कुठून आली यापेक्षा आज ती कुणापुढे केली जाते हे पाहावे. कणीस आम्ही चर्चमध्ये नेतो, आभार ख्रिस्ताच्या पित्याचे मानतो; ते ख्रिस्ती आहे. गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वाड्यांत ऑक्टोबरात आगेरा हा सुगीचा सण होतो. तेही ख्रिस्ती आहे. रोस आईबापांच्या हातून, खुरीस करून लागतो; तो ख्रिस्ती आहे. नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ अर्पण होतो. आमचे मच्छीमार त्या दिवशी शेजाऱ्यांच्या आनंदात सामील होतात, पण नारळाची पूजा करत नाहीत. त्यांच्या होड्यांना आशीर्वाद फादरांचा असतो. तिथे सीमारेषा आहे आणि ती पाळली पाहिजे. शेजाऱ्याचा देव आपला म्हणायचा नाही, तसा त्याचा अपमानही करायचा नाही.

ज्याच्या मनाला खरेच टोचत असेल, त्याने रोस लावू नये. त्याच्यावर सक्ती करणारा १७३६ च्या हुकुमाचीच चूक उलट्या बाजूने करील. पण त्याने दुसऱ्याच्या मांडवात उभे राहून त्याला पापी ठरवू नये.

सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ मध्ये झाला. सावंतवाडीचे मिलाग्रीस चर्च त्याचे कॅथेड्रल आहे. आमच्या समाजाचा लेखी इतिहास मात्र अजून थोडका आहे. जोती पाठ असलेल्या बायका आता मोजक्याच उरल्या आहेत, आणि नव्या लग्नांत रोस हॉलवर डीजेच्या आवाजात उरकला जातो. म्हणून माझी तरुणांना विनंती आहे: रीत टाकायची की ठेवायची हे ठरवण्याआधी घरातल्या शामायला, मावशीला विचारा, तिच्या जोती वहीत उतरवून घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. या रीती आपल्या पूर्वजांनी इन्क्विझिशनच्या धाकातही जपल्या. कुणी नुसते ‘हे बायबलात नाही’ म्हणाले, एवढ्यावरून त्या टाकू नका.