१९३८ ची ‘वंदे मातरम्’ चळवळ आणि विद्यार्थ्यांचा निषेधाचा हक्क

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर–वाडी लोहमार्गावरील सीमावर्ती गाव होय. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा येथे एकत्र नांदतात. आज पलीकडे कर्नाटक आहे. १९४८ पर्यंत तेथे निजामाचे राज्य होते. त्याच लोहमार्गावरील गुलबर्ग्याचे, म्हणजे आजच्या कलबुर्गीचे, विद्यार्थी १९३८ साली ज्या चळवळीत उतरले, तिचा विचार शांततामय निषेधाच्या हक्काच्या दृष्टीने करणे उद्बोधक आहे.

हैदराबाद येथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तेथे शिकणाऱ्या अनेकांची मातृभाषा मात्र मराठी, कन्नड वा तेलुगू असे. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर बंदी आली व ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. अशा वातावरणात नोव्हेंबरमध्ये वसतिगृहातील हिंदू विद्यार्थ्यांच्या प्रार्थनागृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. गीत राजकीय आहे आणि त्याने मुसलमानांच्या भावना दुखावतात, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला. औरंगाबाद, गुलबर्गा, महबूबनगर येथील विद्यार्थीही चळवळीत सामील झाले आणि शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले.

गीतावरील आक्षेप सर्वस्वी निराधार होता, असे म्हणता येणार नाही. १९३७ साली काँग्रेस कार्यकारिणीनेच त्याची पहिली दोन कडवी तेवढी गावीत, असे ठरविले होते. तथापि गीत सर्वांना मान्य आहे की नाही, हा येथे मूळ प्रश्न नव्हता. कोणावरही सक्ती न करता स्वतःच्या प्रार्थनेत ते म्हणणे ही बेशिस्त ठरते काय, हा प्रश्न होता.

नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. उर्दूतून शिकलेल्यांना आता इंग्रजीतून अभ्यास करावा लागला. निषेधाची ही किंमत इतिहासलेखनात क्वचितच नोंदली जाते.

त्या विद्यार्थ्यांच्या पाठीशी कोणताही लिखित हक्क नव्हता. १९५० साली संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणाचे व शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य वाजवी निर्बंधांसह मान्य केले. १९८५ साली केरळातील एका शाळेने राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या तीन भावंडांना काढून टाकले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. एका प्रसंगी गाणे हा अपराध ठरला होता, दुसऱ्या प्रसंगी न गाणे. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच लागते: अध्यापनात वा इतरांच्या हक्कांत प्रत्यक्ष व्यत्यय आला काय? शाळेने वेळ, स्थळ व रीत यांचे नियमन करावे. परंतु केवळ मतभेदालाच बेशिस्त म्हणणे हा त्या शब्दाचा अर्थविपर्यास होय.