माउली म्हणण्याचा अर्थ



वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, समोरच्याला ‘माउली’ म्हणतो. तो नुसता रिवाज नव्हे. या देहात पांडुरंग आहे, अशी ती साक्ष आहे. ती कशी पाळावी, हे मराठवाड्याच्या इतिहासात दिसते.

नामदेवराय पंजाबात घुमानपर्यंत गेले. परक्या मुलखाने त्यांना आपले मानले. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात जपली. १७०८ साली नांदेडला गोदाकाठी गुरू गोविंदसिंगजींनी त्याच ग्रंथाला गुरुपद दिले. आजही तिथल्या लंगरात राव-रंक एकाच पंगतीला बसतात.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लातूर-उस्मानाबादची गावे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो जीव गेले; कितीएक गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्तांची सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. लेकरांचा धर्म आणि त्यांना नेणाऱ्यांचा धर्म एक नव्हता. कळवळा मात्र एक होता.

संकटात माणसातला देव लवकर दिसतो. घडी बसली की पुन्हा बांधावरून कोर्टकचेरी सुरू होते. म्हणून मायबापहो, वाळवंटातल्या अनोळखी वारकऱ्याला माउली म्हणणे सोपे. घरी परतल्यावर अबोला धरलेल्या भाऊबंदाला तसे म्हणता आले, तर वारी पोचली.