मेजर गिल यांची घनदर्शी छायाचित्रे

अजिंठ्याच्या लेण्यांसमोरून वाहणारी वाघूर नदी डोंगर उतरून खानदेशात येते व पुढे तापीस मिळते. या लेण्यांच्या चित्रणात ज्याने आयुष्य वेचले, त्या मेजर रॉबर्ट गिल याची कबरही तापीच्याच खोऱ्यात, भुसावळ येथे आहे. १८७९ साली तो निवर्तला.

मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याची नेमणूक १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी झाली. त्याने तैलरंगांत केलेल्या मोठ्या प्रतिकृती लंडनजवळील सिडनम येथील स्फटिकप्रासादात मांडण्यात आल्या; परंतु डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेल्या. मोजक्याच आज शिल्लक आहेत.

गिलचे दुसरे कार्य मात्र टिकले. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर असल्यामुळे प्रत्येक डोळ्यास एकाच वस्तूचे किंचित भिन्न चित्र दिसते व त्यांच्या मीलनातून खोलीची जाणीव होते, हे व्हीटस्टनने १८३८ साली दाखवून दिले. याच तत्त्वावर दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने जोडचित्रे घेण्यात येऊ लागली. घनचित्रदर्शकातून पाहिली असता ती सपाट न दिसता भरीव दिसत. युरोपातील दिवाणखान्यांत हे करमणुकीचे साधन झाले होते. गिलने ते लेण्यांच्या अभ्यासाकडे वळविले. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याच्या छायाचित्रांचे दोन ग्रंथ निघाले. एकात ७४, तर दुसऱ्यात १०० चित्रे होती.

या साधनास मर्यादाही होत्या. तत्कालीन कलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशास संवेदनशील, पण तांबड्या-पिवळ्यास जवळजवळ अंध असत. त्यामुळे गेरू व पिवळी माती यांनी रंगविलेल्या चित्रांस त्या न्याय देऊ शकत नव्हत्या. उलट स्तंभांची रांग, चैत्याची कमान, कोरीव मूर्तींचा उठाव यांसाठी घनदर्शी चित्राइतके योग्य साधन दुसरे नव्हते.

तैलचित्राची प्रत एकच असते; ती गेली की सारेच गेले. छायाचित्राच्या एका काचेवरून अनेक ठसे निघतात व ते निरनिराळ्या संग्रहांत विखुरतात. ग्रिफिथ्स याच्या देखरेखीखाली पुढे झालेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ साली लंडनमध्ये जळाल्या. ज्यास कौतुकाचे खेळणे मानले जाई, तेच इतिहासाचे अधिक टिकाऊ साधन ठरले, हा या दोन आगींचा बोध होय.