बखर, टिपण आणि कैफियत : प्रोग्रामरच्या रोजच्या लेखनाविषयी

'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत. बखरीपेक्षा अस्सल पत्राला अधिक प्रमाण मानावे, हा राजवाड्यांचा आग्रह मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. बखर घटना घडून गेल्यावर लिहिली जाते. शेवट ठाऊक असल्यामुळे मधल्या प्रत्येक प्रसंगाला त्या शेवटाचा रंग चढतो. १७६० सालच्या पत्रलेखकाला मात्र पुढच्या वर्षी पानिपतावर काय होणार हे माहीत नसते. तो रसद, पैसा, पाऊस आणि नदीचा उतार यांविषयी लिहितो, आणि त्याचे हे अज्ञानच इतिहासकाराच्या उपयोगी पडते.

हा भेद येथे आठवण्याचे कारण थोडे अनपेक्षित आहे. गेल्या अर्धशतकातील संगणकाचा जो इतिहास आपल्यापर्यंत पोहोचतो, तो बव्हंशी बखरीच्या वळणाचा असतो. एक द्रष्टा तरुण, एक गॅरेज, काही वर्षांचा वनवास आणि मग साम्राज्य, असा त्याचा साचा ठरून गेला आहे. या इतिहासाची 'पत्रे' कोठे आहेत, असा प्रश्न विचारला तर उत्तर प्रोग्रामरांच्या रोजच्या नोंदींकडे नेते. त्यांतील तीन नमुन्यांचा येथे विचार करू. ते तीन वेगळ्या प्रकारांत मोडतात, आणि त्या प्रकारांना आपल्या दप्तरखान्यात नावेही आहेत.

पहिला नमुना रोजकीर्दीचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड क्नूथ हे आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची छपाई मनासारखी होत नाही हे पाहून १९७७ साली स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली रचू लागले. 'टेक' या नावाने ती आज जगभरच्या गणितज्ञांना माहीत आहे. मार्च १९७८ पासून, प्रोग्राम तपासताना सापडलेली प्रत्येक चूक आणि केलेला प्रत्येक बदल त्यांनी क्रमांक देऊन लिहून ठेवला. १९८९ साली त्यांनी ही यादी एका निबंधासह प्रसिद्ध केली तेव्हा नोंदींची संख्या साडेआठशेच्या वर गेली होती. प्रत्येक नोंदीला वर्गवारीचे एक अक्षर आहे. साधा मुद्रणदोष वेगळा, विसरून राहिलेले काम वेगळे, शुद्ध घोडचूक वेगळी आणि कल्पनेतही न आलेली परिस्थिती वेगळी. असे एकूण पंधरा वर्ग आहेत. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. प्रोग्राम हा यंत्राइतकाच माणसाने वाचण्यासाठी लिहावा, असे १९८४ साली प्रतिपादन करणाऱ्या लेखकाने स्वतःच्या संहितेची पाठभेदसूची आपल्या हाताने सिद्ध केली, असेच म्हणावे लागेल.

दुसरा नमुना टिपणाचा. पण त्यासाठी एक जुनी सोय समजून घेतली पाहिजे. १९७१ साली स्टॅनफर्डच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी 'फिंगर' नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणता सहकारी संगणकावर काम करीत आहे, हे त्यावरून कळे. आपण कोठे आहोत, केव्हा परतू, हे सांगण्यासाठी प्रत्येकाला 'प्लॅन' नावाची एक छोटी फाइलही ठेवता येई. दारावर खडूने लिहिलेल्या निरोपासारखी ही गोष्ट होती. नवा निरोप लिहिला की जुना पुसला जाई.

पंचवीस वर्षांनी टेक्सासमधील 'इड सॉफ्टवेअर' या कंपनीतील जॉन कारमॅक यांनी या फाइलीला वेगळेच रूप दिले. १९९३ सालच्या 'डूम' या खेळाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले होते. १९९६ च्या आरंभी 'क्वेक' पूर्ण होत असताना ते आपल्या प्लॅन फाइलीत दिवसाची कामे लिहू लागले : अमुक दोष काढला, तमुक राहिला. पुरे झालेल्या कामापुढे ते तारकाचिन्ह करीत. जगातील कोणालाही 'फिंगर' करून ही फाइल वाचता येत असे, आणि खेळणारे लोक ती दररोज वाचीत.

या कोरड्या याद्यांतून अधूनमधून विचार डोके वर काढतो. ऑगस्ट १९९६ मधील एका टिपणात कारमॅक सांगतात की, 'क्वेक'चे जाळे रचताना आपण मूळ गृहीतच चुकीचे धरले. खेळाडूने कळ दाबली की ती आज्ञा दूरच्या संगणकाकडे जाई आणि उत्तर परत आल्यावरच पडद्यावरचे पात्र हले. वेगवान तारेवर हे खपून जाई. घरच्या टेलिफोनवर मोडेम लावून खेळणाऱ्याला मात्र ते असह्य होई. उपाय असा की, उत्तराची वाट न पाहता खेळाडूच्या संगणकानेच पुढच्या हालचालीचा अंदाज करावा आणि उत्तर आल्यावर तो दुरुस्त करावा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'क्वेकवर्ल्ड' याच तत्त्वावर बाहेर आले. चूक, तिचे कारण आणि उपाय ही तिन्ही, यशाची खात्री होण्यापूर्वीच, कागदावर आली होती.

२३ डिसेंबर १९९६ चे टिपण याहून बोलके आहे. त्रिमिती चित्रणासाठी 'ओपनजीएल' वापरावे की मायक्रोसॉफ्टचे 'डायरेक्टथ्रीडी', हा वाद त्यात आहे. एकच साधा त्रिकोण काढण्यासाठी दोन्हींत काय काय लिहावे लागते, हे कारमॅक शेजारी शेजारी मांडतात आणि ओपनजीएलच्या बाजूने कौल देतात. पुढे डायरेक्टथ्रीडी सुधारत गेले, विंडोजवरील खेळांत त्याचाच वरचष्मा झाला आणि २०११ साली खुद्द कारमॅक यांनीही ते आता सरस असल्याचे सांगितले. बखरकाराने १९९६ चे मत एक तर गाळले असते, नाहीतर सौम्य केले असते. टिपणात ते जसेच्या तसे राहिले आहे.

तिसरा नमुना कैफियतीचा, आणि तो ब्राउझरच्या इतिहासातला आहे. जेमी झाविन्स्की हे नेटस्केप कंपनीच्या आरंभीच्या प्रोग्रामरांपैकी एक. 'मोझिला' हे नावही त्यांनीच सुचविलेले. १९९४ सालची त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. कार्यालयातच झोपणे, दिवस-रात्रीचा हिशोब सुटणे आणि ऑक्टोबरातील पहिल्या जाहीर आवृत्तीच्या रात्री अंधाऱ्या खोलीत बसून प्रत्येक डाउनलोडसरशी होणारा आवाज ऐकणे, हे सारे तीत आहे. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने ब्राउझरची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले आणि ३१ मार्चला ती खुली केली. बरोबर एक वर्षाने झाविन्स्की यांनी राजीनामा दिला व त्यासोबत एक दीर्घ लेख लिहिला. वर्ष लोटले तरी वापरता येईल असा ब्राउझर बाहेर पडला नाही, बाहेरचे लोक अपेक्षेइतके सामील झाले नाहीत, म्हणून आपण थांबतो, असा त्याचा आशय आहे. घडले ते सांगून आपली बाजू मांडणारा हा मजकूर म्हणजे कैफियतच होय.

पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मोझिलाची १.० आवृत्ती जून २००२ मध्ये आली, नोव्हेंबर २००४ मध्ये त्याच संहितेच्या वंशातून फायरफॉक्स १.० आले आणि 'इंटरनेट एक्सप्लोरर'ची मक्तेदारी ढिली होऊ लागली. नेटस्केप मात्र २००८ साली बंद झाले. मग १९९९ ची निराशा चुकीची होती काय? असा निवाडा करणे म्हणजे पुन्हा बखरीच्याच जागी जाऊन बसणे आहे. त्या दिवशी त्या माणसाला काय दिसत होते, एवढेच कैफियत सांगते. आणि ते दुसऱ्या कोणत्याही साधनातून कळणार नाही.

अर्थात अस्सल म्हणजे निःपक्षपाती नव्हे. कारमॅक यांची फाइल जग वाचीत होते आणि हे त्यांना माहीत होते. झाविन्स्की यांच्या लेखात गेलेल्याची बाजू आहे, राहिलेल्यांची नाही. ज्यांनी काहीच लिहिले नाही असे चाचणी करणारे, चित्रकार, रात्रपाळीचे लोक या साधनांत जवळजवळ नाहीतच. पेशवे दप्तरातील पत्रांबाबतही आपण हीच सावधगिरी बाळगतो.

अधिक चिंतेची बाब टिकण्याची आहे. प्लॅन फाइल स्वभावतःच पुसली जाणारी. कारमॅक यांच्या जुन्या नोंदी आज वाचता येतात, त्या वाचकांनी वेळोवेळी उतरवून ठेवल्या म्हणून. ऑक्टोबर २००९ मध्ये 'जिओसिटीज' बंद झाले तेव्हा हौशी लोकांनी धावाधाव करून जे वाचविले तेवढेच उरले. मराठीपुरते पाहिले तर हा धोका दुहेरी आहे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती; तरीही २००० नंतरची काही वर्षे मराठी संकेतस्थळे आपापल्या स्वतंत्र फॉन्टवर चालत. अशा पानाची प्रत जपलेली असली तरी तो फॉन्ट हाताशी नसेल, तर ब्राउझरमध्ये दिसतो तो रोमन अक्षरांचा अर्थहीन चिखल. मोडी वाचणारा न मिळाल्याने दप्तर मुके राहावे, तशीच ही गत; फरक इतकाच की येथे मधली शतके नाहीत, जेमतेम वीस-पंचवीस वर्षे आहेत.

आपल्या अभ्यासक्रमात पत्रे, रोजनिशी, बखर हे गद्यप्रकार शिकवले जातात ते बहुधा संपून गेलेल्या काळाचे म्हणून. या प्रकारांचे वंशज आजही रोज लिहिले जात आहेत, बहुतांशी स्वतःला लेखक न समजणाऱ्या माणसांकडून. त्यांची भाषा कोरडी आहे, विषय अनोळखी आहे. पण ती वाचण्यासाठी लागणारी शिस्त मराठीच्या अभ्यासकापाशी शंभर-सव्वाशे वर्षांपासून आहे. राजवाडे गावोगाव हिंडले ते कागद वाळवीच्या आणि चुलीच्या तोंडी जाण्यापूर्वी हाती यावेत म्हणून. जुन्या फॉन्टमधील मराठी पाने युनिकोडमध्ये उतरवून ठेवणे, हे त्याच जातीचे काम आहे, आणि ते एम. ए.च्या एखाद्या वर्गालाही हाती घेता येईल.