दोन जिवांचा विसांवा

गर्भिणी स्त्रीचे अखेरचे दोन-तीन महिने म्हणजे वाट पाहण्याचे दिवस. शरीर जड झालेलें असतें, रात्रीची झोंप पुरी होत नाहीं, नेहमींचें काम पूर्वीच्या वेगानें उरकत नाहीं, आणि रिकामें बसलें कीं मनांत नाना शंका उभ्या राहतात. ह्या दिवसांत तिनें मन कशांत गुंतवावें आणि देहाला विश्रांति किती द्यावी, हा प्रश्न दिसावयास अगदीं घरगुती आहे. परंतु त्याचा इतिहास फार जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड तालुक्यासारख्या एका लहानशा टापूंत तो शोधूं गेल्यास त्यांत वैद्यक, काव्य, शेती, मुंबईची गिरणी आणि कायदा ह्या साऱ्यांचे धागे एकत्र आलेले आढळतात.

प्रथम ‘डोहाळे’ हा शब्दच पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘दोहद’ ह्या शब्दाशीं त्याचें नातें आहे. सुश्रुताच्या मतें चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय प्रकट होतें आणि म्हणून त्या वेळीं स्त्री दोन हृदयांची होते. मराठींत आपण तिला ‘दोन जिवांची’ म्हणतों, त्यांतील कल्पना हीच. तिची इच्छा म्हणजे पोटांतल्या जिवाची इच्छा. ती अपुरी राहिली तर बालकांत व्यंग येतें, अशी जुनी समजूत होती. आजचें वैद्यक ही समजूत मानीत नाहीं. तथापि तिचा व्यवहारांतील परिणाम मोठा होता. जिला वर्षभर कोणी ‘तुला काय हवें?’ म्हणून विचारीत नसे, त्या सुनेला हा प्रश्न विचारणें ह्या दिवसांत घरांतील वडील माणसांचें कर्तव्य ठरलें.

प्राचीन वैद्यांनीं शरीराइतकाच मनाचाहि विचार केलेला दिसतो. गर्भिणीनें पहिल्या दिवसापासून प्रसन्न असावें, स्वच्छ राहावें, जागरण, शोक व भय टाळावें, वाहनांत बसून धक्के खाऊं नयेत, असें सुश्रुत सांगतो. कांठोकांठ तेलानें भरलेलें भांडें जसें न हिंदकळतां न्यावें, तसें गर्भिणीला जपावें, ही चरकाची उपमा प्रसिद्ध आहे. ह्या जुन्या ग्रंथांचें महत्त्व ओळखणाऱ्यांत आनंदीबाई जोशी ह्या होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें पहिलें मूल दहा दिवसांत गेलें होतें. इ. स. १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, त्या वेळीं प्रबंधासाठीं त्यांनीं विषय निवडला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच.

काव्यांतहि ह्या विसांव्याचें एक अविस्मरणीय चित्र आहे. विदर्भांतील पद्मपूरचा कवि भवभूति ह्याच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्या अंकांत सीतेचे दिवस भरत आलेले आहेत. घरांतील वडील मंडळी यज्ञासाठीं ऋष्यशृंगाच्या आश्रमीं गेली आहेत. तिचें मन रमावें म्हणून वनवासांतील प्रसंगांची चित्रें तिला दाखविलीं जातात. चित्रें पाहतां पाहतां तिला भागीरथीकांठच्या वनांत पुन्हां जाण्याचे डोहाळे होतात, ती थकून रामाच्या बाहूवर झोंपीं जाते, आणि त्याच वेळीं लोकापवादाची वार्ता येते. वनांत जाण्याची तिची हौसच तिच्या त्यागाचें निमित्त होते. गर्भिणीची करमणूक ही किती नाजूक गोष्ट आहे, आणि तिचें सुख भोंवतालच्या माणसांच्या वागणुकीवर किती अवलंबून असतें, हें ह्या अंकाइतकें स्पष्ट क्वचितच कोठें दिसेल.

राजवाड्यांतून आतां कोंकणांतल्या घरांत यावें. खेड हें जगबुडी नदीच्या कांठचें गांव. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस दापोलीचा समुद्रकांठचा मुलूख, मध्यें डोंगरउतार आणि भातखाचरें. ह्याच तालुक्यांतील शेरवली ह्या खेड्यांत १८ एप्रिल १८५८ रोजीं धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म झाला. कर्व्यांचें गांव समुद्रकांठचें मुरूड. शेरवली हें आजोळ. अर्थात् त्यांच्या मातोश्री त्या वेळीं माहेरीं आलेल्या होत्या. त्या काळच्या स्त्रीच्या आयुष्यांत हा विसांव्याचा सर्वांत मोठा मार्ग होता. सातव्या किंवा नवव्या महिन्यांत लेकीला न्यावें, आठव्यांत मात्र हलवूं नये, असा संकेत असे. मेणा किंवा डोली मिळाली तर तींतून, नाहीं तर सड्यावरच्या वाटेनें थांबत थांबत हा प्रवास होई. माहेरीं पोंचल्यावर डोक्यावरचा पदर जरा सैल होई, उशिरां उठलें तरी कोणी बोलत नसे, आणि भूक लागली कीं मागून खातां येत असे.

ह्या दिवसांत वेळ जावयाचा कसा? पूर्णपणें स्वस्थ बसणें कोणासच मानवत नसे. म्हणून बसल्या जागीं होणारीं, हाताला गुंतविणारीं पण अंगाला न शिणविणारीं कामें तिच्या वाट्याला ठेवीत. जुन्या, धुवून मऊ झालेल्या लुगड्यांचीं दुपटीं शिवावयाचीं, त्यांचे थर एकावर एक घालून गोधडी टांचावयाची, टोपरें व कुंची बेतावयाची. नवें कापड नवजात बालकाच्या अंगाला बोंचतें आणि जुनेर बोंचत नाहीं, हें त्यामागचें साधें कारण. पण टांका घालतांना येणाऱ्या जिवाचें रूप मनांत आकार घेई, हा लाभ निराळाच. ह्याशिवाय देवासाठीं वाती वळणें, भाजी निवडणें, तांदुळांतले खडे वेंचणें, गजरे गुंफणें हीं कामें होतींच. दुपारीं माजघरांत सागरगोटे किंवा कवड्यांचा डाव मांडला जाई. सोंगट्यांचा पट असेल तर तो उलगडला जाई. ज्या घरीं झोंपाळा असे तेथें संथ झोंके घेत पायांना आराम मिळे. संध्याकाळीं कोणी वाचणारें असेल तर श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’तील बाळकृष्णाच्या लीला ऐकावयाच्या. शके १६२४ मध्यें पुरा झालेला हा ग्रंथ ज्या स्त्रियांना अक्षरओळख नव्हती, त्यांनाहि ऐकून ऐकून पाठ झालेला असे.

ह्या सर्वांचा कळस म्हणजे डोहाळजेवण. हिरवें लुगडें, हिरवा चुडा, फुलांच्या वाडीचा साज, आणि मध्यभागीं ती. कोठें नौकेंत, कोठें बागेंत, कोठें चांदण्यांत हा सोहळा करीत. खणानारळानें ओटी भरीत, दोन झांकल्या वाट्यांपैकीं एक उघडावयास लावून मुलगा कीं मुलगी ह्याचा विनोदी अंदाज बांधीत, आणि डोहाळ्यांचीं गाणीं म्हणत. आठव्या महिन्यांत आठांगुळें करण्याची चाल होती. खेडच्या आसपास कोंकणी मुसलमानांची वस्ती मोठी. त्यांच्या घरांतूनहि सातव्या महिन्याचा समारंभ होत असे. ह्या सोहळ्यांत हौस होतीच, परंतु त्याचें खरें काम निराळें होतें. ज्या संकटाला ती एकटी तोंड देणार होती, तें पूर्वीं पार केलेल्या साऱ्या जणी तिच्याभोंवतीं जमत. ‘आम्हीं पार पडलों, तूंहि पडशील,’ हें भाषणानें सांगण्यापेक्षां गाण्यानें सांगणें त्यांना सोपें वाटे.

गाणें हेंच ह्या स्त्रियांचें साहित्य. जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या म्हणजे एकीनें ओंवी टाकावी, दुसरीनें ती पुढें न्यावी, अशी रीत होती. खेडच्या शेजारीं, दापोली तालुक्यांतील पालगडास २४ डिसेंबर १८९९ रोजीं जन्मलेले साने गुरुजी ह्यांनीं अशा असंख्य ओंव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ ह्या ग्रंथांत छापल्या. त्यांत डोहाळ्यांना व बाळंतपणाला स्वतंत्र स्थान आहे. भावाला बोलावणें, आईची आठवण, पतीविषयींची लाजरी कौतुकाची भावना, आणि मधूनच डोकावणारी मरणाची भीति, हें सारें त्यांत येतें. जें सासूसमोर बोलतां येत नव्हतें तें जात्यासमोर बोलतां येत असे, आणि बोललें कीं मन हलकें होई.

परंतु हें चित्र येथेंच संपविणें खरेपणाला सोडून होईल. झोंपाळा आणि फुलांची वाडी ही खाऊनपिऊन सुखी घरांची गोष्ट झाली. खेडच्या खाचरांत राबणाऱ्या कुणब्याच्या किंवा महाराच्या घरांत विसांवा हा ऋतूवर अवलंबून होता. अखेरचे महिने शिमग्याच्या सुमारास आले तर थोडी उसंत मिळे. तेच आषाढांत आले तर लावणीचा चिखल तुडवावाच लागे. कारण पाऊस कोणाच्या दिवसांसाठीं थांबत नाहीं. त्यांतून घरचा कर्ता पुरुष पुष्कळदां मुंबईस गिरणींत असे. तो गणपतीला नाहीं तर शिमग्याला येई. एरव्हीं त्याची मनिऑर्डर येई आणि कोणाकडून तरी वाचून घेतलेलें पत्र. शेत, गुरें, सरपण आणि पाणी हें सर्व मागें राहिलेल्या बाईवरच पडे. कष्ट केले कीं बाळंतपण सोपें जातें, असेंहि लोक म्हणत. त्यांत थोडें तथ्य आहे. बेताची हालचाल गर्भिणीला हितकर असते, हें आजचे डॉक्टरहि सांगतात. परंतु बेताची हालचाल वेगळी आणि भरल्या दिवसांत डोक्यावर भारा वाहणें वेगळें. ह्या म्हणण्याचा उपयोग पुष्कळदां सुनेच्या आरोग्यासाठीं न होतां घरच्या कामासाठीं झाला.

कांहीं चालींनीं विश्रांतीच्या नांवाखालीं भीतीच वाढविली. ग्रहणकाळीं गर्भिणीनें कांहीं चिरूं नये, शिवूं नये, अंधाऱ्या खोलींत निश्चळ पडून राहावें, पाणीहि पिऊं नये, असा दंडक होता. ग्रहणाचा गर्भावर कांहींएक परिणाम होत नाहीं. पण तहानलेल्या, घाबरलेल्या स्त्रीवर त्या दंडकाचा होतोच.

आणि ही भीति उगाच नव्हती. शेरवलीस जन्मलेल्या धोंडो केशव कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई ह्या १८९१ सालीं बाळंतपणांत वारल्या. त्यांचा मुलगा रघुनाथ त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. पुढें पित्यानें विधवांसाठीं आश्रम काढला व १९१६ सालीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापिलें. पुत्रानें १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. स्त्रीच्या शरीराला एका बाळंतपणानंतर दुसऱ्यापूर्वीं पुरेशी विश्रांति हवी, हें लोकनिंदा सोसून सांगणाऱ्यांत रघुनाथराव आघाडीवर होते. डोहाळजेवणानें मनाला धीर येत असे. अडलेली बाई सोडविण्यास मात्र जाणती दाई, डॉक्टर आणि वेळेवर मिळणारें वाहन हींच लागतात.

जी विश्रांति घरच्या सुबत्तेवर किंवा सासूच्या मर्जीवर अवलंबून होती, ती हक्क म्हणून मागण्याचा आरंभ मुंबईंत झाला. गिरणींत स्त्रियाहि काम करीत, आणि कामावर न जाणें म्हणजे पगार बुडणें. खेडजवळच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवे हें ज्यांचें मूळ गांव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं जुलै १९२८ मध्यें मुंबई कायदेमंडळांत प्रसूति-लाभाच्या बिलास पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वीं व नंतर मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेंहि उचलला पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२९ सालीं तो कायदा मुंबई इलाख्यांत झाला. स्वतंत्र भारतांत १९६१ च्या कायद्यानें बारा आठवड्यांची पगारी रजा ठरली. २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं ती सव्वीस आठवड्यांची झाली, आणि तींतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वीं घेतां येऊं लागले. शेतांत राबणारीला मात्र अशी रजा कोण देणार? तिच्यासाठीं २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेंत पहिल्या अपत्याच्या वेळीं पांच हजार रुपये ठेवण्यांत आले. रक्कम लहान आहे. पण खाचरांत कष्टणाऱ्या बाईच्या विसांव्यालाहि किंमत आहे, हें तिनें मान्य केलें.

आज खेडांत जातें फिरत नाहीं, मेणा कोणी पाहिलेला नाहीं, आणि १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेनें मुंबई जवळ आणली आहे. गर्भिणीची तपासणी दवाखान्यांत होते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं केलेल्या शिफारशींत प्रसूतीपूर्वीं निदान आठ वेळां तपासणी, योग्य आहार आणि झेपेल तितकी हालचाल ह्यांवर भर दिला, आणि हा काळ स्त्रीला सुखाचा अनुभव वाटावा, हें ध्येय म्हणून मांडलें. हें ध्येय वाचतांना तेलाच्या भांड्याची उपमा आठवल्यावांचून राहत नाहीं.

जुन्या चालींतून निवडावयाचें तें एवढेंच. भीति घालणाऱ्या रूढी जाव्यात आणि त्या जात आहेत, हें उत्तम. परंतु हाताला हलकें काम, कानाला गाणें किंवा चांगलें पुस्तक, संध्याकाळचें थोडें चालणें, दुपारची कुशीवरची झोंप आणि पाठीशीं चार जिव्हाळ्याच्या बायका, ह्या गोष्टींना अजून दुसरा पर्याय निघालेला नाहीं. त्यांना खर्च फारसा नाहीं. घरांतल्यांनीं तिच्या वांट्याचें जड काम मात्र आपल्या अंगावर घ्यावें लागतें. जेथें तें घेतलें जातें तेथें डोहाळजेवणाचा सोहळा न झाला तरी त्याचा हेतु साधतो. आणि जेथें तें घेतलें जात नाहीं, तेथें फुलांची वाडी भरूनहि ती बाई थकलेलीच राहते.