पोटखराब

खडेबाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत. गिलावा सुटला की आतला तांबडा, भोकाभोकांचा चिरा डोकावतो. हे चिरे बेळगुंदीच्या वाटेवरच्या आमच्याच शेतातल्या खणीतून निघाले, असे आजोबा सांगत. ती खण अजून आहे. पावसाळ्यात भरते, संक्रांतीपर्यंत थोडेबहुत पाणी टिकते, मग तळाशी झुडपे माजतात. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आले. भराव टाकून प्लॉट पाडायचे म्हणाले. आम्हा तिघा भावांपैकी दोघांनी सह्या केल्या. माझी राहिली.

उतारा काढून पाहिला. उतारा कन्नडमध्ये, पण खणीच्या गुंठ्यांपुढचा शब्द कळायला कन्नड यावेच लागते असे नाही. तो शब्द 'खराब'! गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची फेरमोजणी हाती घेतली. तीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. पिकाला निरुपयोगी तुकडा आकारणीतून वगळायचा आणि 'पोटखराब' म्हणून वेगळा दाखवायचा, ही रीत त्या मोजणीच्या दप्तरातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ साली त्याचे कर्नाटक झाले, उताऱ्याची लिपी बदलली. शब्द मात्र राहिला. सीमाभागात दोन्ही भाषांचे इतके एकमत दुसऱ्या कशावर झाले असेल, असे मला वाटत नाही.

या दगडाचे इंग्रजी नावही एका प्रवाशाचे देणे आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातल्या अंगाडीपुरमला तो पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याला 'लॅटराइट' म्हटले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. जमिनीत असेतो हा दगड मऊ, लोखंडी हत्याराने सहज कापला जातो. उघड्यावर आला की टणक होतो, असे त्याने नोंदवले आहे. आजोबांनी बुकॅनन वाचलेला नव्हता. "चिरा वारा प्याला की घट्ट होतो," एवढेच ते म्हणत.

सहीचा घोळ चालू असतानाच आईला घेऊन कोल्हापूरला आत्याकडे जाणे झाले. तवंदीचा घाट, निपाणी, कोगनोळीचा नाका, सगळे नेहमीचेच. संध्याकाळी आत्याने रंकाळ्यावर नेले. रंकाळा ही मूळची दगडाची खण. अंबाबाईच्या आणि इतर देवळांना तिथला दगड गेला, पुढे आठव्या-नवव्या शतकात भूकंपाने जमीन खचून पाणी वर आले, असे सांगतात. भूकंपाची गोष्ट मी परंपरा म्हणूनच घेतो. खणीची मात्र पटते. कारण शेजारच्या पाण्याला लोक आजही 'इराणी खण' म्हणतात आणि अलीकडे मोठमोठे गणपती पंचगंगेऐवजी तिथे विसर्जित होतात. आत्याने नंदीची कथाही सांगितली: रोज गहूभर पुढे सरकतो, तांदूळभर मागे येतो, आणि तळ्यापाशी पोचला की प्रलय. गव्हातून तांदूळ वजा करत आई बराच वेळ बसली होती.

काळ्या कातळातले हे तळे काही सुखात नांदलेले नाही. सांडपाणी आले, जलपर्णी आली. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून कामे झाली, तरी एका कोपऱ्यात आम्हाला नाकाला पदर लावावा लागला. पण संध्यामठाच्या बाजूला पाण्यावर काळे पक्षी तरंगत होते, कपाळावर पांढरा टिळा. त्यांना मराठीत वारकरी म्हणतात, हे मी आईला सांगितले.

"आपल्या खणीतसुद्धा पाणकोंबड्या असतात की रे," आई म्हणाली. "तुझ्या आजोबांनी एका अंगाला पायऱ्या ठेवल्यात. गुरं उतरावीत म्हणून."

या पायऱ्या मी लहानपणी शंभरदा उतरलो असेन. त्या कुणी मुद्दाम ठेवल्या असतील हे कधी मनात आले नव्हते. चिरे काढायचे तर तेवढी बाजूही कापता आली असती.

धाकट्या भावाचा मुलगा गुरुग्रामला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने मला अरवलीतले जैवविविधता उद्यान दाखवले होते. तिथल्या दगडखाणी बंद पडल्यावर २०१० पासून नागरिकांनी त्याच डोंगररांगेतली मूळची झाडे शोधून लावली. सुमारे ३८० एकरांची ती जागा २०२२ साली, अभयारण्याबाहेर निसर्ग राखणारे क्षेत्र म्हणून, देशात पहिल्यांदा जाहीर झाली. आमची खण सोळा गुंठ्यांची. तुलना करू नये, पण करतोच माणूस.

भावाला हे सगळे सांगितले. "दादा, खराब जमिनीला एवढा भाव पुन्हा कोण देणार?" तो म्हणाला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही. माझ्या वाटणीचे काही त्याला देऊन खण राखता येईल का, याचा हिशेब आम्ही दोनदा मांडला. दोन्हीदा चुकला.

कागद अजून कपाटात आहे. दसऱ्याला आईला घेऊन शेताकडे गेलो होतो. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत होते.