व्यवस्थापक घडवण्याचा व्यवसाय

भारतीय उद्योगांत कामगाराला शिकवण्याची सोय व्यवस्थापकाला शिकवण्याच्या सोयीपेक्षा बरीच आधी झाली. जमशेदपूर येथे 1921 मध्ये तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, तेव्हा कारखाना चालवणाऱ्यालाही, म्हणजे माणसे, पैसा आणि वेळ यांचा मेळ घालणाऱ्यालाही, वेगळे शिक्षण लागते ही कल्पना रुजलेली नव्हती. मॅनेजिंग एजन्सी पद्धतीत एकच पेढी अनेक कंपन्यांचा कारभार कराराने पाहत असे आणि वरच्या जागा बहुधा मालकाच्या नात्यागोत्यातल्या किंवा विलायतेहून आलेल्या माणसांकडे जात. त्यामुळे हा प्रश्न कोणाला फारसा पडलाही नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारी उद्योग वाढले, परकीय कंपन्यांत भारतीय अधिकारी वर चढू लागले आणि एवढी जबाबदारी पेलणारी माणसे आणायची कोठून, ही अडचण उघड झाली.

1956 हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी टाटा समूहाने तरुण पदवीधरांना निवडून वेगवेगळ्या कंपन्यांत तयार करणारी टाटा अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली, आणि त्याच वर्षी अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन होऊन पुढे हैदराबादच्या बेला व्हिस्टा या राजवाड्यात स्थिरावली. कोल्हापुरात जन्मलेले आणि नुकतेच लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झालेले जनरल सत्यवंत श्रीनागेश हे तिचे प्रारंभीचे प्राचार्य होत. संस्थेचा नमुना इंग्लंडमधील हेन्ली येथील स्टाफ कॉलेजचा होता आणि त्याचा गाभा ‘सिंडिकेट’ पद्धतीत होता. सिंडिकेट म्हणजे सुमारे दहा अनुभवी अधिकाऱ्यांचा गट; त्यात सरकारी खात्यातला, सार्वजनिक उद्योगातला आणि खासगी कंपनीतला माणूस मुद्दाम एकत्र बसवला जाई. एखादा विषय गटाकडे सोपवला की एकाने अध्यक्षपद घ्यायचे, दुसऱ्याने चिटणीस म्हणून टिपणे काढायची, ठरलेल्या मुदतीत अहवाल लिहायचा आणि तो सर्व गटांच्या सभेत मांडून इतरांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. पुढच्या विषयाला ही पदे दुसऱ्यांकडे जात. अध्यापक बाजूला बसून वाचनसाहित्य पुरवी, चर्चा भरकटली तर सावरी, पण व्याख्यान क्वचितच देई. ज्याच्या हुकुमावर एरवी कचेरी हलत असे, त्याला येथे हाताखाली कोणीही नसताना बरोबरीच्या माणसांकडून काम करून घ्यावे लागे, आणि नेतृत्वाची यापेक्षा खरी परीक्षा त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्याही वर्गात होत नसावी.

1966 मध्ये जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकाराने पुण्यात टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर उभे राहिले आणि उद्योगसमूहाच्या स्वतःच्या प्रशिक्षणकेंद्राची प्रथा महाराष्ट्रात आली. तरीही एक उणीव कायम होती. अधिकारी शिकून परत येई, पण त्याची बढती, बदली आणि वरिष्ठाने लिहिलेला गोपनीय अहवाल यांचा त्या शिक्षणाशी काही संबंध नसे. अशा शिक्षणाचे चीज होणे अवघडच होते.

ही उणीव ओळखण्याचे श्रेय मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीला आणि अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक व टी. व्ही. राव या दोन प्राध्यापकांना दिले पाहिजे. 1974 मध्ये कंपनीने त्यांना कामगिरीच्या मूल्यमापनाची पद्धत तपासण्यास बोलावले, आणि त्यांनी मूल्यमापनापुरते न थांबता संपूर्ण रचनाच सुचवली: झालेल्या कामाची पारख, पुढच्या पदासाठी असलेल्या क्षमतेची पारख, वरिष्ठाने कनिष्ठाशी समोरासमोर बसून करायची चर्चा, कारकिर्दीचे नियोजन आणि प्रशिक्षण, ही सगळी कामे एका साखळीत जोडायची, आणि हजेरी, पगार, कामगार-तंटे पाहणाऱ्या कार्मिक विभागाहून वेगळ्या विभागाकडे ती सोपवायची. 1975 मध्ये कंपनीत तसा मनुष्यबळ विकास विभाग निघाला, आणि भारतीय खासगी उद्योगातला तो पहिलाच मानला जातो. माणसाची वाढ हेच ज्याचे पूर्णवेळ काम आहे, अशा अधिकाऱ्याची कारकीर्द आपल्याकडे येथून सुरू झाली असे म्हणणे रास्त ठरेल.

पुढच्या दशकात ही कल्पना झपाट्याने पसरली आणि 1985 मध्ये या क्षेत्रातील लोकांची नॅशनल एचआरडी नेटवर्क ही संघटनाही स्थापन झाली. परंतु पुष्कळ कंपन्यांनी कार्मिक विभागाच्या दारावरची पाटी तेवढी बदलली, आणि 1975 च्या रचनेतला सर्वांत कठीण भाग, म्हणजे वरिष्ठाने कनिष्ठासाठी वेळ काढून करायची ती चर्चा, बहुतेक ठिकाणी मागेच राहिला.